सोवळ्यातले जोडे

मंगळवारी रात्री पावणेअकराला, नागपूरच्या नंदनवनात, आमच्या वरच्या मजल्यावर मोबाइल वाजला आणि पाठोपाठ सहावीतल्या पोट्ट्याचा हंबरडा. शाळेचा निरोप होता: उद्या अतिवृष्टीचा इशारा असल्यामुळे शाळेला सुट्टी आहे, सबब सर्व वर्ग वेळापत्रकाप्रमाणे ऑनलाइन होतील.

सुट्टी आहे, सबब शाळा आहे. मराठी भाषेत इतकं काम 'सबब' या शब्दाने आजवर केलं नव्हतं.

आमच्या वेळी पावसाची सुट्टी म्हणजे सुट्टी असायची. हे रडगाणं मी थांबवतो, कारण आजचा विषय तो नाही. आजचा विषय त्या निरोपाखालच्या अकरा सूचनांपैकी सहावी सूचना आहे. पोट्टा खाली येऊन मला मोबाइल दाखवत म्हणाला, "काकाजी, हे पाहा नं." मी पाहिलं. 'विद्यार्थ्यांनी संपूर्ण गणवेशात, पॉलिश केलेले काळे बूट व पांढरे मोजे घालून कॅमेऱ्यासमोर बसावे.' चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बूट तिथेच होते.

मोबाइलचा कॅमेरा समोरून पोराचं कपाळ दाखवतो, फार तर शर्टाचं दुसरं बटण. त्याखाली भारतीय विद्यार्थ्याला काय आहे, हे जगाला आजवर कळलेलं नाही. सगळा महाराष्ट्र कोरोनात, २०२० च्या जूनपासून, वरती शर्ट आणि खालती चड्डी घालून शिकला, आणि त्याचे बापही तसेच नोकऱ्या करत होते. तेव्हा बुटांची आठवण कोणाला झाली नाही. आता एकदम झाली. म्हणे शिस्त असते. असेल. पण शिस्त पायातून वर चढते हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? विंचवाचं विष चढतं तशी?

खरी पंचाईत पुढेच होती. वरच्या घरात वायफायच्या दोन काड्या फक्त एकाच ठिकाणी येतात आणि ते ठिकाण म्हणजे देवघरासमोरची चटई. स्वयंपाकघरात एक काडी, गच्चीवर शून्य, संडासात का कोण जाणे तीन. पण संडासात वर्ग भरवायला पोट्ट्याची आई तयार नव्हती. म्हणजे पोरानं देवघरासमोर मांडी घालून बसायचं, आणि पायात बूट. आजी पंचाहत्तरीच्या. त्यांनी जिन्यावरूनच जाहीर केलं, "आमच्या मामंजीचेही जोडे कधी उंबऱ्याच्या आत आले नाही. अन् हा देवापुढे जोडे घालून बसते म्हणते! शाळा आहे का काय आहे ते?"

आजीचं चुकलं कुठे? या देशात माणूस काहीही घेऊन घरात येतो, पण जोडे दाराबाहेर काढतो. शाळेला हे ठाऊक नसेल असं नाही. शाळेच्या संगणक कक्षाबाहेरही 'चपला-बूट बाहेर काढावेत' अशी पाटी असते. म्हणजे संगणकापाशी जायचं तर बूट काढायचे, आणि संगणकातून घरी यायचं तर बूट घालायचे. यंत्राचं सोवळं-ओवळं शाळेनंच ठरवलं होतं, आता उलटं केलं.

शेवटी तोडगा आजीनेच काढला. मागच्याही पावसाळ्यात असे दोन-तीन वर्ग झाले होते, तेव्हापासून हा खटला घरात धुमसतच होता, त्यामुळे तोडगा तयार होता. बुटांचा दुसरा जोड, आधीच घेऊन ठेवलेला. नवा कोरा, दुकानातून आणलेला, ज्याचा तळवा कधी रस्त्याला लागलेला नाही आणि लागणारही नाही. सोवळ्यातले जोडे. ते बाकीच्या चपलांत ठेवायचे नाहीत. आजोबांचा मुकटा ज्या खुंटीवर असतो त्याच्या शेजारच्या खुंटीवर नाडीने टांगायचे. आंघोळ झाल्याशिवाय हात लावायचा नाही. पॉलिश करायचं तर चामड्याच्या बुटांचा ब्रश चालणार नाही, धुतल्या फडक्याने पुसायचे. रेक्झिनचे आहेत याची आजीने दुकानात दोनदा खात्री करून घेतली, आणि दुकान अर्थातच शाळेने सांगितलेलंच, कारण इतर दुकानातला काळा रंग शाळेला पुरेसा काळा वाटत नाही. हे एक मला कधी कळलेलं नाही. वह्या त्या दुकानातून, गणवेश ह्या दुकानातून, बूट त्या तिसऱ्या दुकानातून. इतवारीत जाऊन तोच जोड निम्म्या दरात आणला तर शिक्षणात नेमकं काय कमी पडतं? पोराची गुणाकारात चूक होते? हे दुकानांचं प्रकरण बाजूला ठेवतो म्हणतो, पण ते बाजूला राहत नाही. दर जूनला माझं डोकं तिथेच येऊन आपटतं.

तर सोवळ्यातले जोडे. जमिनीला न लागणारे पाय कोणाचे, हे आम्हा वैदर्भीयांना सांगायला नको. आमची दमयंती. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम हे चौघे नळाचं रूप घेऊन बसले. पाच नळ, सगळे सारखे. विदर्भाच्या त्या पोरीने खाली पाहिलं. देवांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, नळाचे टेकले होते, अंगावर घाम आणि धूळ होती, त्यावरून तिने माणूस ओळखला. म्हणजे पायांची पडताळणी ही आमच्याकडची जुनीच विद्या आहे. आणि आम्ही राहतो ते नंदनवन हे तर साक्षात त्या इंद्राच्या बागेचं नाव. इंद्राच्या बागेत देवांसारखे अधांतरी जोडे घालून पोट्टा बसला. फरक इतकाच की दमयंती जमिनीला टेकलेले पाय शोधत होती आणि शाळेला न टेकलेले हवे होते.

बुधवारी सकाळी नऊला वर्ग सुरू झाला. मी वर चहाला गेलो होतो, त्यामुळे साक्षीदार आहे. तास विज्ञानाचा. धडा जलचक्र. बाहेर आभाळ फाटलेलं, जगनाडे चौकाकडून येणारे लोक गुडघाभर पाण्यातून गाड्या ढकलत होते, आणि मॅमची पहिली सूचना अशी होती, "खिडक्या बंद करा, पावसाचा आवाज येतोय." खिडक्या बंद झाल्या. मग मोबाइलवर ढगाचं चित्र आलं.

ढग जेमतेम समुद्रावरून उठला होता, तेवढ्यात मॅमला सूचना क्रमांक सहा आठवली. त्यांना आठवली असं म्हणणं बरोबर नाही. त्यांना आठवण करून दिली गेली, कारण वर्गात एक चौकोन काळा होता, त्यावर नाव नव्हतं, आणि तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. मॅम म्हणाल्या, "आता सगळे आपापला पाय वर करा."

पस्तीस चौकोन. पस्तीस पाय. मी आयुष्यात पुष्कळ संमेलनं पाहिली, असं दृश्य पाहिलं नव्हतं. काही चौकोनांत बूट, काहींत नुसता तळवा, एकात तर पंखाच आला कारण मोबाइल पाय वर करताना उलथा झाला. एका पोरीचा पाय वर गेला आणि ती मागे पडली, तिची आई धावत आली, आईच्या पायात काही नव्हतं, मॅम म्हणाल्या "नाही, तुमचा नको." एकाच्या बुटाला कालचा चिखल होता, त्याला समज मिळाली. एकाने डावाच पाय दोनदा दाखवला. एकाने धाकट्या बहिणीला बूट घालून तिचा पाय दाखवला, तो पकडला गेला कारण पायावर मेंदी होती. हसनबागेतल्या एकाने सगळ्यात शहाणपणाचा मार्ग काढला. त्याने बूट हातात घातला आणि हात वर केला. चौकोनात बूट बूटच दिसतो, आत हात आहे की पाय हे कसं कळणार? पण त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. मग हुकूम सुटला, "उभे राहा आणि चार पावलं चालून दाखवा." पस्तीस मोबाइल भिंतीला, डब्याला, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेले होते. पोरं चालली, फरशा हादरल्या, मोबाइल धडाधड कोसळले. कोणाचा मोबाइल उताणा पडून छत दाखवायला लागला, कोणाचा पालथा पडून अंधार. आमचा पोट्टा चालला तेव्हा आजी ओरडल्या, "चटईच्या खाली पाय नको टाकू, बाटतील!" हे वाक्य सगळ्या वर्गाने ऐकलं. मॅम क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पंचेचाळीस मिनिटांच्या तासात बावीस मिनिटं बुटांना गेली. मी घड्याळ लावून होतो. ढग समुद्रावरच राहिला. मग लाइट गेली.

मॅमवर मला राग नाही. त्यांच्या चौकोनात मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, डेटा त्यांचा स्वतःचा होता आणि काळा चौकोन त्यांच्या मानगुटीवर होता. राग त्या काळ्या चौकोनाचा आहे. शिकवणं मोजता येत नाही म्हणून बूट मोजणाऱ्यांचा आहे. जुलै २०२० मध्ये दिल्लीहून ऑनलाइन शिक्षणाची 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं आली होती. पहिली ते आठवीला दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोनपेक्षा जास्त तासिका नकोत, असं त्यात होतं. आमच्या पोट्ट्याच्या वेळापत्रकात सहा आहेत. त्या तत्त्वांत आठ पायऱ्या होत्या: नियोजन, आढावा, व्यवस्था, मार्गदर्शन, बोलणं, काम देणं, मागोवा, कौतुक. पायऱ्या आठ, पण पायात काय घालावं याबद्दल अवाक्षर नाही. पाचवी पायरी पुन्हा वाचा. बोलणं. पोराशी बोला. "पाय वर कर" याला बोलणं म्हणत नाहीत.

नंदनवनात जसे लेआउट आहेत तशी झोपडपट्टीही आहे. तिथून आमच्याकडे भांड्यांना एक बाई येतात. २०२० मध्ये त्यांची थोरली सातवीत गेली होती, धाकटा चौथीत. घरात मोबाइल एक, तो नवऱ्याजवळ, नवरा भाजीचा ठेला घेऊन वाठोड्याच्या बाजूला. तो रात्री नऊला घरी यायचा. म्हणजे त्या घरात शाळा रात्री नऊला उघडायची, तीही थोरलीची संपली की धाकट्याची, तोवर धाकटा झोपलेला. सकाळच्या वर्गात दोघं गैरहजर, रोज. त्याआधीच, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दिसलं होतं की देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेट आहे. आकडा समोर होता. तरीही शंभर घरांची शाळा चोवीस घरांत भरवली, आणि उरलेल्या शहात्तर घरांतल्या पोरांच्या नावापुढे 'अनियमित' लिहिलं. अनियमित कोण होतं? ती पोरगी? ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग उघडले, तेव्हा ती आठवीत बसली. सातवी कुठे गेली, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. आणि आज इतकी वर्षं मागे टाकून, आपण यातून काय शिकलो, तर बूट.

त्या कोरोनाच्या काळातच पालघरच्या जव्हार-मोखाड्याकडे लोक लाऊडस्पीकर घेऊन पाड्यांवर गेले. रेकॉर्ड केलेले धडे, पोरं अंतर ठेवून झाडाखाली. सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. येता-जाता पाढे, येता-जाता व्याकरण. भिंतीला कॅमेरा नसतो. पोरं अनवाणी आली की चपलेत, हे भिंतीने कधी लिहून घेतलं नाही.

आणि इथलीच एक आठवण. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. ऑनलाइनच्या त्या पहिल्या वर्षी माझ्या भाचीच्या वर्गात सगळ्यांचे माइक घरघरत होते, कारण घराघरात कूलर. दुसऱ्या कोणीही "कूलर बंद करा" म्हटलं असतं. त्या बाईंनी विचारलं, "हाच कूलर मे महिन्यात खोली थंडगार करत होता. आता पाऊस पडला तर काहून करत नाही? जा, ताटीला हात लावून या." पोरं उठून गेली. ताटी ओली, हवा दमट, पाणी उडायला तयार नाही. वीस मिनिटांत बाष्पीभवन, आर्द्रता आणि घामाने माणूस का वैतागतो, एवढं सगळं झालं. गरज पडली ती फक्त खिडकीतल्या कूलरची, जो नागपुरात देवघराआधी बसवतात. भाचीला तो तास आज कॉलेजात गेल्यावरही आठवतो. बाईंच्या त्या तासाची वरती कुठे नोंद झाली असेल असं मला वाटत नाही. कूलरला पाय असतात, पण ते लोखंडी.

गुरुवारी पाऊस उघडला. शाळा भरणार, असा निरोप आला. पोट्ट्याचे रस्त्यावरचे बूट मंगळवारपासून पाण्यात भिजून फुगलेले, चुलीशेजारी वाळत होते. सोवळ्यातले जोडे बाहेर नेण्याचा प्रश्नच नव्हता. आजीने खुंटीकडे नुसतं बघितलं आणि विषय संपला. पोट्टा चपला घालून गेला. गल्लीत अजून पाणी होतंच.

साडेआठला तो परत आला. फाटकावर अडवलं होतं. गणवेश अपूर्ण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी लिंक सुरू आहे, घरून वर्ग कर, असं सांगितलं होतं.

मी वर गेलो तेव्हा तो देवघरासमोर बसला होता. पाय धुतलेले, अनवाणी. सोवळ्यातले जोडे त्याने दोन्ही हातांत घातले होते, शर्टाच्या बाह्या खाली ओढून मनगटं झाकलेली. पाय दाखवा म्हटल्यावर त्याने एकेक करून दोन्ही वर केले.

"प्रेझेंट, मॅम."

"शाबास," मॅम म्हणाल्या.

आतून आजीचा आवाज आला, "झालं का रे? खुंटीवर ठेव ते अन् हात धू आधी."