आयन होऊ इच्छिणाऱ्या अणूंसाठी सूचना

सदर सूचना डहाणू व तलासरी तालुक्यांच्या हद्दीतील सर्व अणूंना लागू आहेत. आच्छाडचा नाका ओलांडून गुजरातेत गेलेल्या अणूंनाही नियम हेच, पण तिकडची जबाबदारी आमची नाही.

मुख्य अट एकच. देवघेव फक्त इलेक्ट्रॉनची करावी, प्रोटॉनला हात लावू नये. सोडियमचा एक प्रोटॉन कमी झाला तर तो निऑन होतो, एक वाढला तर मॅग्नेशियम. मग जुन्या नावाचे कागद कुठेच चालत नाहीत. इलेक्ट्रॉन गेला तर नाव शाबूत राहते. ११ प्रोटॉनांसमोर १० इलेक्ट्रॉन उरतात आणि अंगावर एक धन प्रभार चढतो, एवढेच.

आता डहाणूच्या बाजारात खारवलेल्या मासळीवर दिसणारा मिठाचा खडा घ्या. सोडियमची मांडणी २, ८, १. क्लोरीनची २, ८, ७. सोडियम आपला जादा इलेक्ट्रॉन आनंदाने देऊन टाकतो आणि दोघांचे अष्टक पूर्ण होते, असे वर्गात सांगतात. यातला आनंद पदरचा. मोलभर वायुरूप सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात आणि क्लोरीन तो घेताना जेमतेम ३४९ परत करतो. म्हणजे दोघांपुरता हा व्यवहार १४७ किलोज्यूलने बुडीत. तो सावरतो पुढे, असंख्य धन-ऋण आयन एकमेकांना चिकटून स्फटिक रचतात तेव्हा. त्यात मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल सुटतात. सबब, एकट्यादुकट्या जोडीने अर्ज करू नयेत. गर्दी करून यावे.

लोहाच्या अणूंना अर्जाचीही गरज नाही. चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचा गज होऊन नुसते उभे राहावे. ओल आणि ऑक्सिजन मिळून आधी दोन इलेक्ट्रॉन काढून घेतात, मग सवडीने तिसरा. ओलीत मीठ असल्याने प्रभार सहज वाहतो आणि काम लवकर उरकते. तलासरीकडच्या आतल्या पाड्यांवर विलंब होईल, तक्रार करू नये. वारली चित्रामागच्या गेरूतले लोह तिन्ही इलेक्ट्रॉन कधीच देऊन बसले आहे. अनुभवी मार्गदर्शन हवे असल्यास त्याला भेटावे. विळीच्या पात्यातल्या लोहाने कच्च्या चिकूपासून जपावे. सुटलेले आयन चिकूतल्या टॅनिनला धरतात आणि पाते काळे पडते. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे दोष विळीचाच धरला जाईल.

सामूहिक नोंदणीची सोय ५०० मेगावॅटच्या डहाणू औष्णिक केंद्रात आहे. तिथे धुराच्या वाटेत उच्च दाबाच्या तारा असतात. त्या वायूच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उपटतात, मोकळे इलेक्ट्रॉन आणि ऋण आयन राखेच्या कणांवर स्वार होतात आणि भारलेली राख पत्र्यांकडे ओढली जाते. राखेचा कण मात्र आयन नव्हे, आयनांचे वाहन. त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही.

गंधकाच्या अणूंनी धुरातून थेट आभाळात जाण्याचा बेत सोडावा. १९९१ पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेला आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने पिच्छा पुरवला आणि २००७ साली इथे समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा सुरू झाली. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होतो, समुद्रातले बायकार्बोनेट आयन ते आम्ल मारतात आणि हवा खेळवली की शेवटी सल्फेट आयन उरतो. तो समुद्रात आधीपासूनच मुबलक आहे, ओळखपाळख करून घ्यायला त्रास पडत नाही.

पुन्हा अणू होण्याची मुभा आहे, खर्च अर्जदाराचा. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळवून त्यातून वीज सोडावी. सोडियमला इलेक्ट्रॉन परत मिळतो. मिळताच त्याने रॉकेलच्या बाटलीत जाऊन बसावे आणि पावसाळ्यात, निदान डहाणूत तरी, बूच उघडायचा आग्रह धरू नये.