काय काय राहिलं?

घरात चोरी झाली की भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच विचारतो, "काय काय गेलं?" प्रश्न रास्त आहे, आणि दहा-बारा वेळा सांगून झालं की त्याचं उत्तर आपल्यालाही तोंडपाठ होतं. काय काय राहिलं, हे मात्र कुणी विचारत नाही. घरमालकाचा खरा अपमान त्या राहिलेल्या वस्तूंमध्ये असतो.

आम्ही कोकणात लग्नाला गेलो होतो. परत आलो तर कोयंडा कुलपासकट खाली लोंबत होता आणि कपाटांच्या पोटातलं सगळं पलंगावर आलं होतं. खरे दागिने आणि रोकड गेली, ते ठीक. चोर शेवटी त्याचसाठी येतो. पण बायकोचे एक ग्रॅम सोन्याचे हार त्याने निवडून बाजूला ठेवले होते. एखाद्या सराफालाही क्षणभर चष्मा लावायला लागावा अशी ती घडण, पण याने बहुधा अंधारातच ओळखली. जुना लॅपटॉप उघडून बघून मिटून ठेवला होता. पुस्तकांच्या मागे नोटा ठेवायची आपल्या लोकांची सवय त्याला ठाऊक असावी, कारण दिवाळी अंकांचे गठ्ठेसुद्धा हलवलेले होते. त्यातला एकही त्याने नेला नाही.

आणि मेहुणीने वास्तुशांतीला दिलेलं चांदीचं तबक. ते मखमली डब्यातून बाहेर काढलं होतं आणि डब्याच्या झाकणावर ठेवून दिलं होतं. वर्षानुवर्षं आम्ही ते फक्त लक्ष्मीपूजनाला काढायचो आणि पुसून परत आत ठेवायचो. तोवर डोळ्यांना पदर लावून बसलेली बायको ते तबक बघून एकदम ताठ झाली. "म्हणजे जर्मन सिल्व्हर!" त्या घटकेपासून तिच्या रागाची दिशा बदलली आणि चोर बिचारा सुटला.

घर फोडणारा माणूस घराची इतकी निर्मळ परीक्षा करतो, हे शूद्रकाला फार पूर्वी कळलं होतं. देवलांच्या 'संगीत मृच्छकटिका'मुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्या घरातलीच झाली आहेत, पण माझं मन मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकातल्या शर्विलकावर आहे. हा चोर जातीने ब्राह्मण. भिंतीला भोक पाडण्याआधी तो कार्तिकेयाला वंदन करतो, मग भोकाचा आकार कोणता असावा यावर विचार करतो. उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक असे पर्याय त्याच्या शास्त्रात आहेत. भिंत भाजलेल्या विटांची, तेव्हा पूर्णकुंभ शोभेल, असं ठरतं. मोजमापाचा दोरा विसरलाय हे लक्षात आल्यावर गळ्यातलं जानवं काढून तो त्याने माप घेतो. आत शिरून बघतो तर मृदंग, वीणा, बासऱ्या आणि पुस्तकं. हे एखाद्या नाट्याचार्याचं घर आहे की काय, असा त्याला प्रश्न पडतो. आमच्याकडे आलेल्यालाही दिवाळी अंक बघून असंच काहीतरी वाटलं असणार, फक्त त्याचा अंक कुणी लिहिला नाही.

चारुदत्ताची तर कमाल. जागा होतो, भिंतीतलं खिंडार बघतो आणि आधी कारागिरीची तारीफ करतो. मग त्याला वाईट वाटतं की एवढे कष्ट करून बिचारा रिकाम्या हाताने गेला असेल! दागिन्यांचा डबा गेलाय हे कळल्यावर त्याला आधी बरंच वाटतं. तो डबा वसंतसेनेने विश्वासाने ठेवायला दिला होता हे आठवतं तेव्हा मात्र शुद्ध हरपते. तो डबा झोपेत बरळणाऱ्या त्याच्या मित्राने, मैत्रेयाने, स्वतःच्या हाताने चोराला दिलेला असतो. असा एक मैत्रेय प्रत्येक घरात असतो. आमच्याकडचा मैत्रेय म्हणजे कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. निघाल्यापासून घाटातल्या धबधब्यापर्यंतचे सगळ्यांचे फोटो त्यावर वेळेसकट पडले होते, आणि तिथून ते कुठकुठे गेले ते देवालाच ठाऊक.

पोलीस आले, पंचनामा झाला, ठसे घेणारेही पावडर उडवून गेले. श्वानपथक येईल म्हणून बिल्डिंगमधली मुलं गॅलरीत ताटकळत होती, ती हिरमुसली. हवालदारांनी शांतपणे विचारलं, "काका, पावत्या आहेत का?" बायकोच्या पाटल्या तिच्या आजीच्या. आजीने पावती ठेवली असती तर तीही त्याच कपाटात असती. पुढचा प्रश्न होता, चोरी दिवसा झाली की रात्री. मला हे उगाच खोलात शिरणं वाटलं, पण त्याला अर्थ आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही जुन्या दंड संहितेसारखाच फरक ठेवलेला आहे: चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी फोडलं तर चौदा वर्षांपर्यंत. कायद्याच्या लेखी रात्रपाळी महाग आहे.

दरम्यान आमचा ऐवज जिना चढता-उतरता वाढत होता. तळमजल्यावर तो सहा तोळे होता, तिसऱ्या मजल्यावर पंधरा झाला, आणि शेजारच्या सोसायटीत आम्ही चक्क घरंदाज श्रीमंत म्हणून गणले गेलो. खरं सांगायचं तर मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

मग बैल गेल्यानंतरचा झोपा सुरू झाला. सल्ला देणाऱ्यांत ज्याच्याकडे कधीच चोरी झाली नाही तो सर्वांत तज्ज्ञ. कुणी म्हणालं सीसीटीव्ही लावा. कुणी म्हणालं लावा, पण डीव्हीआर लपवून ठेवा, चोर तोच आधी उचलतात. कुलपांच्या बाबतीत प्रत्येकाचं एक घराणं असतं. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून मराठी माणूस कुलूप लावून झालं की ते दोनदा ओढून बघतो, आणि चार पायऱ्या उतरल्यावर पुन्हा एकदा.

खरं ज्ञान दिलं ते सुताराने. त्याने लोंबणारा कोयंडा तळहातावर घेतला, बोटाच्या पेराएवढेही नसलेले स्क्रू दाखवले आणि म्हणाला, "साहेब, कुलूप कोण तोडतंय? एवढं भारी कुलूप तुम्ही या टाचण्यांना टांगलं होतं. कटावणी घातली की अख्खं उपटून हातात." मग त्याने दाराची चौकट वाजवून बघितली, तीही भिंतीला जेमतेम धरून होती. दार कितीही जाड असलं तरी ते चौकटीइतकंच मजबूत आणि चौकट आतल्या पकडीइतकीच, हे त्याचं म्हणणं. दारात बसवलेलं लॅच बरं, कारण बाहेरून बघणाऱ्याला घर बंद आहे की माणसं आत आहेत हे कळत नाही. बाहेर लोंबणारं कुलूप मात्र साऱ्या जगाला सांगतं की आत कुणी नाही.

हे ऐकून माझी आई, जी एवढा वेळ गप्प होती, म्हणाली, "आमच्या वाड्याला कुठं होतं बाहेर कुलूप? आतून अडसर." मला हे नंतर फार वेळ आठवत राहिलं. तो अडसर म्हणजे दाराच्या पाठीमागे एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत जाणारा लाकडी दांडा. त्याच्यापुढे आजचं कुठलंही कुलूप फिकं पडेल. अट एकच, तो घालायला आत माणूस लागतो. आणि तो असायचाच: कुणी म्हातारं, कुणी बाळंतीण, कुणी परीक्षेला बसलेलं, कुणी नुसतंच भांडून घरी राहिलेलं. घर रिकामं ठेवून सगळेच्या सगळे बाहेर पडायचे प्रसंग वर्षातून किती यायचे? आता दोघं नोकरीला, मुलगा शिकायला बंगलोरला आणि आई कधी आमच्याकडे तर कधी धाकट्याकडे. रोज सकाळी नऊनंतर आमची अख्खी बिल्डिंग बाहेरून कुलपं घालून उभी असते, आणि मग आपण कुलपाच्या लिव्हर मोजत बसतो.

कुलूपच नको म्हणणारं गाव आपल्याकडे आहेच. शनिशिंगणापूरला परंपरेने घरांना दारं नाहीत, शनिदेव राखण करतात अशी श्रद्धा. 2011 साली तिथे युको बँकेने कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. पुढे गावात पोलीस ठाणंही आलं. त्याबद्दल शनिदेवांना काय वाटलं असेल, याचा मी कधीकधी विचार करतो.

आम्ही शेवटी चौकट पक्की करून घेतली, सेफ्टी डोअर बसवलं, आणि उरलंसुरलं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये गेलं. लॉकरच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं मी सक्तीने वाचलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. दोन लाखांत आज किती तोळे येतात हे लक्ष्मी रोडवर जाऊन न विचारलेलंच बरं. बायकोचं म्हणणं, सोनं पूर्वी अंगावर असायचं, मग कपाटात गेलं, आता बँकेत आहे. आपल्याकडे फक्त किल्ली.

चोरांवरचा माझा राग पुरता निघून गेला असं म्हणणार नाही, पण तो थोडा निवळला तो नेरळच्या बातमीने. जुलै 2024 मध्ये तिथल्या एका बंद घरातून चोराने टीव्हीसकट बऱ्याच वस्तू नेल्या. आणखी काही मिळेल म्हणून तो पुन्हा आला, तेव्हा भिंतीवर फोटो दिसला आणि हे कवी नारायण सुर्वे यांचं घर आहे, हे त्याला समजलं. त्याने नेलेलं सामान परत आणून ठेवलं आणि माफीची चिठ्ठी भिंतीला चिकटवली. सुर्वे जाऊन तेव्हा चौदा वर्षं होत आली होती. आपल्याकडे कवितेला वाचक नाहीत म्हणणाऱ्यांनी ही बातमी फ्रेम करून ठेवावी.

मी लगेच बायकोला सुचवलं की आपणही हॉलमध्ये, दारातून आत आल्याबरोबर दिसेल असं, माझ्या दोन्ही ललितसंग्रहांची मुखपृष्ठं मोठी करून लावू. सीसीटीव्हीपेक्षा स्वस्त पडेल, आणि वीज गेली तरी चालू राहील.

"लावा की," ती म्हणाली. "पण अहो, आधी मागच्या दाराच्या एल-ड्रॉपचे स्क्रू बदलून घ्या."