चिकटवलाय!

लग्नात नवरदेवाशी हस्तांदोलन करता करता डाव्या हाताने त्याच्या कोटाला चिमटा काढणारा माणूस तुमच्याही माहितीचा असणार. प्रत्येक सोसायटीला एक दिलेला असतो. आमच्या सोसायटीतल्याला मुलं पाठीमागे बक्रमकाका म्हणतात, समोर नुसतं काका. त्यांचा चिमटा खोडीचा नसतो, तपासणीचा असतो. कोटाच्या सगळ्यात खालच्या काजाशेजारी ते वरचं कापड एका चिमटीत धरतात, आतलं अस्तर दुसऱ्या चिमटीत, आणि डोळे मिटून वैद्याने नाडी बघावी तसे दोन्ही हलके हलके ओढून बघतात. मध्ये तिसरा थर सुटा सरकला, तर कोट कॅनव्हासचा. नाही सरकला, तर कापडाला आतून बक्रम लावून गरम प्रेसखाली दाबलेलं. मग काका डोळे उघडतात आणि वधूपित्याला नीट ऐकू जाईल एवढ्या खासगी आवाजात म्हणतात,

"चिकटवलाय."

गेल्या वर्षी आमच्याच बिल्डिंगमधल्या एका लग्नात नवरदेवाला गुदगुल्या फार. काकांची चिमटी लागताच तो जो उडाला, तो फोटोत तसाच आला आहे. दोन्ही पाय जमिनीच्या वर, शेजारी नवरी गंभीर, आणि कोपऱ्यात काका डोळे मिटून. अल्बमचं पहिलं पान तेच आहे. एका शोकसभेत दिल्लीहून आलेले पाहुणे बंद गळ्याचा कोट घालून हार घालायला उठले, तर रांगेत मागे काका. बंद गळ्यालाही सूट नाही. मंत्रिमंडळाचा शपथविधी आम्ही क्लबहाऊसच्या टीव्हीवर पाहत होतो. कालपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे तीन पक्ष एका ओळीत उभे राहून शपथ घेत होते. काका म्हणाले, "चिकटवलाय."

"काका, कोट कुठाय? सगळ्यांनी जाकिटं घातलीत."

"कोटाबद्दल कोण बोलतंय? पहिल्या ड्रायक्लीनिंगला फुगे येतील बघ."

आले. पण ते सोडा.

माझी चूक झाली ती लिफ्टमध्ये. मुलीचं लग्न ठरलं, रिसेप्शन मे महिन्यात, आणि तिने बजावलं होतं की बाबा, निदान माझ्या लग्नात तरी स्वतःचा सूट घाला. या 'निदान'ला इतिहास आहे. माझ्या लग्नात मी थोरल्या भावाचा कोट घातला होता. भाऊ माझ्यापेक्षा चार इंच उंच. बाह्या बोटांच्या टोकापर्यंत येत होत्या, म्हणून प्रत्येक फोटोत माझे हात पाठीमागे आहेत. सासरची मंडळी अनेक वर्षं समजत होती की जावई लष्करात होता. तर लिफ्टमध्ये मी सहज म्हणालो, "सूट शिवायचाय, कुठे बरं शिवतात?" काकांनी आधी माझ्याकडे, मग वर छताकडे पाहिलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, दार मिटलं, काका उतरलेच नाहीत.

पुढचे सहा आठवडे माझे नव्हते.

कापड घ्यायला ते आले. सव्वातीन मीटर, दीड मीटर पन्ह्याचं. विक्रेता 'सुपर 120, सुपर 150' असे आकडे फेकू लागला तेव्हा काका त्याला म्हणाले, "तो आकडा लोकरीचा तंतू किती बारीक ते सांगतो, गिऱ्हाईक किती मोठं ते नाही. 110 चं दाखव." मी भीत भीत विचारलं, मे महिन्यात लोकर? काका म्हणाले, "हलक्या वजनाची लोकर श्वास घेते. पॉलिस्टर घेत नाही, आणि तुलाही घेऊ देत नाही." विक्रेत्याच्या अंगात दुकानाचा कोट होता. तुम्हाला कळलंच असेल.

घरी येऊन त्यांनी कॅनव्हासवर बौद्धिक घेतलं. आत घोड्याच्या शेपटीचे केस विणलेलं कापड असतं. ते कारागीर हाताने, सैल टाक्यांनी, एकेक टाका घालत बसवतो, त्यामुळे कोट हळूहळू अंगाचा आकार घेतो. बक्रमला गोंदाचे बारीक दाणे असतात, ते उष्णतेने वितळून कापडाला धरतात. काम मिनिटांत. "म्हणून स्वस्त," काका म्हणाले, "आणि म्हणून सगळीकडे." आमच्या हिने चहा ठेवता ठेवता विचारलं, "घोडा नवरदेवाला लागतो ना? वधूपित्याला कशाला?" काकांनी ऐकलं नाही. ते तेव्हा गांधीजींवर पोचले होते. बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेल्या गांधीजींनी बाँड स्ट्रीटवर संध्याकाळच्या सुटासाठी दहा पौंड खर्च केले, आणि हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच, जरा शरमून, लिहिलं आहे. "पुढे सगळंच सोडलं त्यांनी," काका म्हणाले. "माझा संशय आहे, खांद्यात बसला नसणार."

एक सांगायला हवं. गावोगावच्या चौकात सुटातला पुतळा दिसतो तो बाबासाहेबांचा. तिथे काका पाचदहा मिनिटं थांबतात. खांद्याची रेघ पाहतात, पुढचं पान कसं पडलंय ते पाहतात, मग हात जोडतात. त्या एका सुटाबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी शेरा ऐकलेला नाही.

माप द्यायच्या दिवसाची तयारी दहावीच्या परीक्षेसारखी झाली. रिसेप्शनला जो शर्ट घालणार तोच घालायचा, कारण कोटाच्या बाहीबाहेर शर्टाचा कफ अर्धा इंच दिसला पाहिजे. बूटही तेच, कारण टाच बदलली की पँटची उंची बदलते. खिसे रिकामे. माझ्या खिशांतून मोबाईल, किल्ल्या, वीजबिल, बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि भाजीवाल्याने सुट्ट्यांऐवजी दिलेली चॉकलेटं निघाली. काका म्हणाले, "हे सगळं मापात धरलं असतं ना, तर कोटाला फाटक लावावं लागलं असतं." मी उपाशी जाणार होतो. पोट जरा कमी दिसलं असतं. काकांनी अडवलं. "रिसेप्शनला तू उपाशी उभा राहणार आहेस का? जेवून ये. श्रीखंड असेल तर श्रीखंड खाऊन ये."

आणि सगळ्यात अवघड पेपर म्हणजे उभं राहणं. 'जसा रोज उभा राहतोस तसा राहा', असं कुणी सांगितल्यावर जगातला कुठलाही माणूस तसा उभा राहू शकत नाही. काकांनी माझी हॉलमध्ये तालीम घेतली. मी छाती काढली की म्हणायचे, झेंडावंदन नाहीये. सैल सोडली की म्हणायचे, रेशनची रांग नाहीये. शेवटी त्यांनी हिला विचारलं, हा रोज कसा उभा राहतो? ही म्हणाली, "काय माहीत. मी यांना कायम बसलेलंच पाहिलंय."

कॅम्पातल्या एका गल्लीत, जिना चढून, मास्तरांचं दुकान. मास्तर सत्तरीचे, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, भिंतीवर जुन्या मापांच्या वह्यांची चळत. टेप अंगावरून फिरू लागला आणि मास्तर आकडे सांगू लागले, समोरचा पोरगा लिहू लागला. छाती, कंबर, सीट, तिरा, मुंढा, बाही. मी श्वास आत घेतला. "साहेब, सांस सोडा," मास्तर शांतपणे म्हणाले, "पोट तर येणारच आहे लग्नाला." मग मागे जाऊन म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच उतरता. बॅग लटकवता काय?" बावीस वर्षं, पुणे-पिंपरी लोकल. "पाठीला बाक. मान पुढे." खुर्ची, कॉम्प्युटर. माझं सगळं आयुष्य तो माणूस इंचात वाचत होता आणि एक पोरगा ते वहीत उतरवून घेत होता. इतकी वर्षं मला वाटायचं मी सरळ माणूस आहे.

काका एरवी जिथे जातील तिथे बोलतात. इथे कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसले होते. पोटाचा आकडा आला तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. हे मला तेव्हा कळलं नाही.

तीन आठवड्यांनी ट्रायल. ज्यांनी कधी कच्चा कोट घातला नाही त्यांना सांगतो, तो क्षण शोभेचा नसतो. अंगभर पांढऱ्या दोऱ्याचे लांब टाके, एकच बाही, कॉलरच्या जागी नुसतंच कॅनव्हास. आरशात मी अर्धवट सोडून दिलेल्या बुजगावण्यासारखा दिसत होतो. मास्तरांनी खडूने चार रेघा मारल्या, मान तिरकी केली आणि माझ्या डोळ्यांदेखत ती एकुलती बाही कर्रकन उसवून हातात घेतली. माझ्या तोंडून आवाज निघाला. काका म्हणाले, "घाबरू नकोस. उसवतोय म्हणजे मन लावतोय. चिकटवलेलं असतं तर उसवता आलं असतं का?"

मग ते खाली चहा सांगायला गेले आणि मास्तर माझं पान शोधायला वही चाळू लागले. एका पानावर नाव दिसलं काकांचं. मी कुतूहलाने पाहिलं. ऑर्डरच्या रकान्यात काही नाही. पण मापं होती. ओळीखाली ओळ, दर दसऱ्याची.

"दर साल येतात," मास्तर म्हणाले. "माप देतात. म्हणतात, वजन एकदा ठरू दे, मग शिवू."

1996 ला छाती 38. 2004 ला 40, कंबर 37. 2012 ला 41 आणि कंबर चाळीस, ही काकूंच्या पुरणपोळ्यांची वर्षं. 2019 पर्यंत तसंच. 2020 ची ओळ नव्हती, तेव्हा कुणीच कुठे गेलं नव्हतं. 2021 ला छाती 37, कंबर 34. त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये काकू गेल्या. पुढच्या ओळींत फार फरक नाही. वजन, म्हणजे, ठरलं होतं.

"गिऱ्हाईक मात्र आणतात," मास्तर वही मिटत म्हणाले. "या साली कोट सात झाले, त्यातले चार त्यांचे. कोटाचा कारागीर आता एकच राहिलाय माझ्याकडे. पोरं शिकत नाहीत. काम नाही आलं तर तोही जाईल."

म्हणजे लग्नालग्नांतून चाललेली ती चिमटेगिरी एका दुकानाची जाहिरात होती. मान्य करायला जिवावर येतं, कारण त्या सहा आठवड्यांत या माणसाने माझं डोकं उठवलं होतं, लग्नपत्रिकेच्या कागदालासुद्धा चिमटा काढून पाहिला होता. पण वर चहा घेऊन जिना चढताना त्यांची धाप ऐकली आणि मी उठून कप हातात घेतले. "तू हलू नकोस," ते ओरडले, "टाचण्या आहेत!"

रिसेप्शनला मी उभा होतो. डावा खांदा उजव्याइतकाच उंच दिसत होता. कफ अर्धा इंच. खालचं बटण उघडं, कारण राजा सातवा एडवर्ड म्हणे पोटामुळे ते लावत नसे आणि तेव्हापासून कुणीच लावत नाही. फोटोग्राफर तीनदा लावायला आला, मी तीनदा परतवला. हात पुढे होते. सगळ्या फोटोंत.

काका आले तेव्हा लॉनवर घाम फुटत होता आणि त्यांच्या अंगात कोट होता. आम्ही कुणी त्यांना कोटात पाहिलं नव्हतं. करडा, रुंद पानांचा, 1986 च्या त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. तेव्हाचे ते तरी बारीकच असणार, पण आता खांदे त्याहून पलीकडे उतरत होते. पुढच्या भागावर, खिशाच्या खाली, कापडाला बारीक बारीक फुगे आले होते, जुन्या भिंतीच्या पापुद्र्यासारखे.

माझ्याकडे बघत ते म्हणाले, "बघतोस काय? काढ चिमटा."

मी काढला. त्यांनी शिकवल्यासारखाच, खालच्या काजाशेजारी, डोळे मिटून. बोटांत दोनच थर.

"काय?"

"कॅनव्हास," मी म्हणालो.

"गधड्या, सहा आठवडे शिकवलं तुला," काका म्हणाले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, पाकीट दिलं आणि व्याह्यांकडे वळले. व्याही खास दुबईहून आणलेल्या कोटात उभे होते. काकांनी उजवा हात पुढे केला. डावा कुठे चाललाय ते मला दिसत होतं, पण मधे सहा पाहुणे होते.