कुठली प्रिंट?

चूक माझीच होती. सकाळी सात वाजता, दुधाची पिशवी हातात असताना, सोसायटीच्या जिन्यात कुणी कुरोसावाचा विषय काढतं का? मी काढला. म्हटलं, "काल रात्री 'राशोमोन' पाहिला. काय सिनेमा आहे हो!"

समोर प्रिंटशास्त्री. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दुधाच्या पिशवीकडे, आणि विचारलं, "कुठली प्रिंट?"

"प्रिंट म्हणजे... मोबाइलवर पाहिला."

"म्हणजे पाहिला नाहीत," असं म्हणून, दहाव्याला भेटायला आलेला माणूस ज्या चेहऱ्यानं परत जातो त्या चेहऱ्यानं ते जिना उतरून गेले. 1950 साली एका माणसानं इतक्या कष्टानं जंगलात ऊन-सावली पकडली आणि मी ती पाच इंचांत, पांघरुणात पाहिली. दिवसभर मला अपराध्यासारखं वाटत राहिलं. त्यांचं नेहमी असंच होतं. आपण आनंद सांगायला जातो आणि जामीन मागत परत येतो.

हा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. नसेल तर तुम्ही पुण्यात राहत नसाल, किंवा तो तुम्हीच असाल. बँकेतून निवृत्त, खांद्याला कुठल्यातरी जुन्या महोत्सवाची कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे दोन लाडू आणि विजेरी. प्रिंटशास्त्री हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता आठवत नाही, पण वहिनीसुद्धा चिडल्या की हेच वापरतात.

सिनेमावेडी माणसं एकत्र जमली की आवडत्या दिग्दर्शकांचा डाव मांडतात. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्हमध्ये खेळ संपला की आमचंही टोळकं जवळच्या अमृततुल्यवर तो मांडून बसतं. त्याचे नियम ठरलेले. सत्यजित राय कुणी बोलायचे नाहीत. तो एक्का सगळ्यांच्याच हातात असतो. सुरुवात ऋत्विक घटकांपासून. ते इथंच पुण्यात येऊन शिकवून गेले, त्यामुळे ते घरचे. त्यावर कुणी मणी कौल टाकतो. मग डाव परदेशात जातो. एक जण ओझूचं नाव घेऊन कॅमेरा जमिनीपासून किती कमी उंचीवर असायचा ते चहाचा ग्लास फरशीवर ठेवून दाखवतो. दुसरा ब्रेसाँ काढतो, ज्यानं 1966 साली एका गाढवाला नायक करून सिनेमा केला आणि लोकांना रडवलं. शेवटी ज्याच्या दिग्दर्शकाचं नाव बाकीच्यांना उच्चारता येत नाही, तो डाव जिंकतो आणि चहाचे पैसे देतो.

शास्त्री या डावात कधीच पान टाकत नाहीत. ते फक्त प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारतात आणि तो प्रश्न तुम्हाला आता माहीत आहे.

एकदा एक नवखा मुलगा धीर करून म्हणाला, "मला हृषीकेश मुखर्जी आवडतात." टेबलावर अशी शांतता पसरली की जणू त्यानं लग्नात सुतकाची बातमी दिली. शास्त्री मात्र खुलले. "'बीवी और मकान' पाहिलाय का? 1966 चा. आपला 'अशी ही बनवाबनवी' त्याच्यावरूनच घेतलेला." पोरगा हरखला. म्हणाला, हो, पाहिलाय! शास्त्री पुढे झुकले. "कुठली प्रिंट?" पोरगा पुन्हा आला नाही. हल्ली तो गिर्यारोहण करतो म्हणे.

त्यांचा सर्वांत मोठा विजय 'आलम आरा'चा. एक गृहस्थ होते, पांढऱ्या दाढीचे, कुठलाही सिनेमा काढा, त्यांनी तो आधीच पाहिलेला. ते एके दिवशी म्हणाले, "'आलम आरा' मी दोनदा पाहिलाय." शास्त्रींचा आवाज एकदम मऊ झाला. मांजर उंदराजवळ जाताना पाय मऊ टाकतं, तसा. "अरे वा. कुठली प्रिंट?"

"चांगली होती. स्वच्छ."

शास्त्रींनी बशीतला चहा संपवला. रुमालानं मिशा पुसल्या. "1931 चा सिनेमा. हिंदुस्थानातला पहिला बोलपट. त्याची एकही प्रिंट आज कुठं शिल्लक असल्याचं कुणाला ठाऊक नाही. तुमच्याकडची स्वच्छ असेल तर उद्या दहा वाजता अर्काइव्हवर घेऊन या. पेढे माझ्याकडून."

हा प्रश्न सिनेमापुरता राहिला असता तर आम्ही चालवून घेतलं असतं. पण सवय अशी शिस्त पाळत नाही. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे त्यांनी खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाले, "कॉन्ट्रास्ट गेलाय. दुसरी प्रिंट मागवा." पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाटानंतर थेट जेवणावळ आली, तर "मधलं एक रीळ कुठं आहे?" म्हणून फोटोग्राफरला फोन केला. कहर झाला तो आमच्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला. गुरुजींना त्या दिवशी तीन घरं उरकायची होती. कथा भराभर धावत होती. प्रसादाचा वास सुटला, आरतीची घंटा कुणीतरी हातात घेतली, तेवढ्यात मागून आवाज आला, "गुरुजी, ही कापलेली प्रिंट आहे. पाच अध्याय असतात. चौथा कुठं गेला?" गुरुजींनी निमूटपणे चौथा अध्याय वाचला. शिरा थंड झाला. त्या दिवसापासून ते गुरुजी आमच्या सोसायटीत यायचे असले की आधी चौकशी करतात, 'ते' घरी आहेत का?

आणि तारकोव्हस्कीचं प्रकरण. या रशियन माणसानं आयुष्यात मोठे चित्रपट केले सातच, पण आमच्या सोसायटीला त्याचा त्रास झाला. त्याच्या 'नोस्टाल्जिया'त एक माणूस पेटती मेणबत्ती हातात धरून रिकाम्या कुंडातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. ज्योत विझली की परत पहिल्यापासून. नऊएक मिनिटं हेच. एका रात्री लाइट गेले. शास्त्री तळमजल्यावरून मेणबत्ती घेऊन निघाले, तळव्यानं ज्योत झाकत, एकेका पायरीवर थांबत. दुसऱ्या मजल्यावर वाऱ्याची झुळूक आली. ज्योत विझली. समोरच्या काकूंनी काडेपेटी पुढे केली, तर हे मान हलवून पुन्हा तळमजल्यावर गेले. तिसऱ्या खेपेला काकूंनी वहिनींना फोन लावला, "अहो, यांना बरं नाहीये का?"

वहिनी म्हणाल्या, "बरं आहे. सिनेमा पाहून आलेत."

वहिनी हा या कथेतला खरा समीक्षक. हंगेरीच्या बेला तारचा 'सातानटँगो' सात तासांहून मोठा आहे. तो पाहायला शास्त्री डबा घेऊन गेले होते. परतल्यावर वहिनींनी कथा विचारली. "पाऊस पडतो, माणसं चालतात," शास्त्री म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "माझ्या मावशीकडे अर्धा तास बसवत नाही तुम्हाला. तिच्याकडे तर पंखासुद्धा आहे."

एकदाच त्या त्यांच्याबरोबर आल्या. शाँताल आकरमनचा 'जान दिलमान', 1975 चा, तीन तास वीस मिनिटांचा. एक बाई घरातली कामं करते. बिछाना आवरते, भांडी घासते, बटाटे सोलते. कॅमेरा हलत नाही. आमच्यातले निम्मे लोक चष्मे पुसत होते, उरलेले घोरत होते. बाहेर आल्यावर शास्त्रींनी सवयीनं तोंड उघडलं. त्याआधीच वहिनी म्हणाल्या, "तिचे बटाटे तीन तास बघितलेत. घरी चाळीस वर्षं मी सोलतेय. तिथं कधी मान वर करून पाहिलंत का?"

शास्त्री प्रिंटबद्दल काहीही न बोलता घरी गेल्याचा हा एकमेव प्रसंग. इंग्लंडच्या 'साइट अँड साउंड' मासिकानं दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांची मतं मागवून यादी करायची अशी 1952 पासूनची रीत आहे. 2022 च्या यादीत हाच सिनेमा पहिला आला. शास्त्री ती बातमी घेऊन स्वयंपाकघरात गेले. वहिनींनी सुरी आणि परात पुढे सरकवली. "बटाट्यांचा पहिला नंबर आला ना? मग घ्या आता." तेव्हापासून त्यांच्या घरी बटाटे शास्त्रीच सोलतात. एक अखंड साल निघेपर्यंत बोलत नाहीत. साल तुटलं की चेहरा असा होतो, जणू रीळच तुटलं.

आता खरं सांगायचं तर या माणसाचा मला बराच काळ राग यायचा. आपण आवडीनं काही सांगावं आणि समोरच्यानं पावती मागावी, हे कुणाला आवडेल? पण एकदा अर्काइव्हच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी मला हिशेब ऐकवला. आपल्याकडे मूकपटांच्या काळात हजाराहून जास्त सिनेमे झाले, त्यांतले पूर्ण उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जुन्या फिती त्यातल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या. नायट्रेटची फीत तर घरात ठेवलेला फटाकाच. 2003 च्या जानेवारीत पुण्यात त्या जुन्या फितींना आग लागली आणि त्यात 'प्रभात'चं कितीतरी धन गेलं. 1964 साली अर्काइव्ह सुरू झालं. तिथले पी. के. नायर गावोगाव फिरले, कुणाच्या माळ्यावरचे, कुणाच्या गोठ्यातले डबे हुंगत. शास्त्री नायरांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, गवई लावतात तसा. म्हणाले, "लोकांना वाटतं, सिनेमा म्हणजे गोष्ट. गोष्ट कुणीही सांगेल हो. सिनेमा ही वस्तू आहे. ती जळते, कुजते, हरवते. म्हणून विचारतो, कुठली प्रिंट. उरलीय का, एवढंच विचारायचं असतं मला."

मी त्या दिवशी त्यांच्या चहाचे पैसे दिले. याहून जास्त प्रेम मला दाखवता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात 'संत तुकाराम' लागला होता. दामले-फत्तेलालांचा, 1936 चा, ज्याचा पुढल्या वर्षी वेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. शास्त्री माझ्या शेजारी. हा माणूस कुठल्याही सिनेमाला श्रेयनामावलीतलं शेवटचं नाव सरकून दिवे लागेपर्यंत उठत नाही. उठणाऱ्यांच्या पाठीवर विजेरी मारतो. पण शेवट जवळ आला, गरुडाचं विमान उतरायची वेळ झाली, आणि शेजारची खुर्ची खट्कन वर मिटली. मला वाटलं, प्रकृती बिघडली. मागोमाग बाहेर गेलो. ते पोर्चमध्ये पाऊस बघत उभे होते.

"काय झालं? प्रिंट खराब आहे का?"

"प्रिंट उत्तम आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मी याचा शेवट पाहत नाही."

साताऱ्याकडचं त्यांचं गाव. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. हे सहा-सात वर्षांचे, आजीच्या मांडीला टेकून बसलेले. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधार, मग पुढचं. असं एकेक करत तुकोबांची निघायची वेळ आली, रीळ संपलं, अंधार झाला. अंधार काही सरेना. शेवटी ऑपरेटर कंदील घेऊन पुढे आला आणि म्हणाला, शेवटचा डबा मागच्या गावी राहिलाय, उद्या आणतो. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या, शिव्या, एक चप्पलही उडाली. दुसऱ्या दिवशी तंबूच उठला होता.

"आणि बायकांच्या बाजूनं?" मी विचारलं.

"तिकडं सगळं शांत. आजी पदर झटकून उठली. म्हणाली, बरं झालं बाई, तुकोबा गेले नाहीत. आवलीचा संसार राहिला." शास्त्रींनी पावसात हात धरून पाहिला. "पुढे मी सगळ्या प्रिंटा पाहिल्या. हा सिनेमा कुठंही लागला की जातो. पण आजीची प्रिंट ती एवढीच. ती मला खराब करायची नाही."

आतून टाळ्यांचा आवाज आला. म्हणजे तुकोबा गेले होते. शास्त्रींनी छत्री उघडली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वहिनींचा होता. "हो, निघालोच," ते म्हणाले. "किती? एक किलो?"

कोपऱ्यावरच्या गाडीवाल्यानं प्लास्टिक बाजूला सारत विचारलं, "बटाटा नवा देऊ का जुना?"

शास्त्रींनी विजेरी पेटवली आणि पाटीवर वाकून एकेक बटाटा उजेडात फिरवून पाहू लागले. मागे माणसं खोळंबली. गाडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांबा थोडं. ते प्रिंट बघतायत."