शंकेला जागा आहे

पृथ्वी तापत नाही हे सिद्ध करायला फारसा खर्च येत नाही. ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहोफ यांनी २६ फेब्रुवारी २०१५ रोजी हा पुरावा एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणला होता. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा थंडी होती. भर सिनेटमध्ये त्यांनी पिशवीतून बर्फाचा गोळा काढला, बाहेर किती गारठा आहे ते सांगितलं आणि ‘झेला’ म्हणत तो पीठासीन अधिकाऱ्याच्या दिशेनं भिरकावला. हे गृहस्थ त्या वेळी सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते. २०१४ हे तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरल्याचं नासानं महिन्याभरापूर्वीच जाहीर केलं होतं. पण नासाकडे नुसते उपग्रह. गोळा कुठाय?

तापमानवाढ माणसामुळे होते की आपोआप, हा वाद ताजा आहे असं आपल्याला उगाच वाटतं. १८९६ साली, म्हणजे मुंबईत प्लेग शिरला त्या वर्षी, स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हातानं आकडेमोड करून सांगितलं होतं की, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आकडा जरा चढाच निघाला, आज तो तीनच्या आसपास धरतात. पण दिशा चुकली नव्हती. पुढे १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हा वायू रीतसर मोजायला घेतला. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय.

आमच्या कट्ट्यावरच्या नानांना हे मुळीच पटत नाही.

‘अहो, हिमयुगं आली नि गेली. तेव्हा काय पेट्रोल पंप होते?’

नव्हते. कडब्याची गंजी पूर्वी वीज पडूनही पेटायची, म्हणून काडी लावणारा निर्दोष सुटत नाही, असं मी म्हणून पाहिलं. नाना म्हणाले, ‘काडी लावलेली कुणी पाहिली?’

आता खरं तर पाहिलेली आहे. कोळसा आणि तेल जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून असल्यामुळे त्यांच्यातला किरणोत्सारी कार्बन पार संपलेला असतो. असला शिळा कार्बन हवेत मिसळू लागला की हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण घटतं. ही घट हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकातच लाकडाच्या नमुन्यांत पकडली होती. म्हणजे चोरीचा माल कुणाच्या कोठारातला, याचा पंचनामा सत्तर वर्षांपूर्वीच उरकलाय. मग नानांनी सूर्याकडे बोट दाखवलं. सूर्यच जास्त तापवत असता तर वरचं वातावरणही तापलं असतं. प्रत्यक्षात खाली तापतंय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. हे ऐकून नाना क्षणभर गप्प बसले आणि मग प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, ‘म्हणजे शंकेला जागा आहे!’

नाना बिचारे शंका फुकट घेतात. जाणत्यांनी तिच्यावर पैसा लावलाय.

एक्सॉन कंपनीच्या संशोधकांनी १९८२ मध्ये कंपनीपुरता एक आलेख काढला. २०२० च्या सुमारास हवेतला कार्बन डायऑक्साइड ४०० ते ४२० भागांपर्यंत जाईल आणि पृथ्वी सुमारे एक अंशानं तापेल, असं तो सांगत होता. दोन्ही अंदाज बरोबर आले. पंचांगवाल्यांनी हेवा करावा असं हे भाकीत कंपनीनं मात्र कपाटात ठेवलं आणि लोकांना अनेक वर्षं सांगितलं की, शास्त्रात अजून बरीच अनिश्चितता आहे. शेल कंपनीची तर गंमतच. १९८९ मध्ये तिनं उत्तर समुद्रातल्या आपल्या नियोजित वायू-फलाटाची उंची एक-दोन मीटरनं वाढवायला घेतली. कारण काय, तर पाणी चढणार. त्याच वर्षी तेल, कोळसा आणि मोटार कंपन्यांची ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ ही आघाडी उभी राहिली. शेल पुढे तिची सभासद होती, १९९८ मध्ये बाहेर पडली. आघाडीचं काम एकच, निष्कर्षांवर पाणी ओतणं. घरात खात्री आणि गिऱ्हाइकाला शंका, अशी ही दुहेरी खतावणी.

शास्त्रज्ञ मात्र या धंद्यात कच्चे. ‘माणूसच जबाबदार’ हे एकदम म्हणायची त्यांची जीभच रेटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं २००१ मध्ये सहासष्ट टक्क्यांहून जास्त शक्यता सांगितली, २००७ मध्ये नव्वद, २०१३ मध्ये पंचाण्णव आणि कुठे २०२१ मध्ये जाऊन ‘निर्विवाद’ म्हटलं. वीस वर्षं! तेवढ्यात रिपब्लिकन सल्लागार फ्रँक लुन्ट्झ यांनी २००२ च्या टिपणात पक्षाला सुचवून ठेवलं होतं की, शास्त्रीय खात्रीचा अभाव हाच मुद्दा लावून धरा. २०१७ च्या वणव्याची झळ लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या घरापर्यंत पोहोचली. २०१९ मध्ये त्यांनी आपण चुकलो, असं सिनेटर मंडळींसमोर कबूल केलं. प्रत्येक सल्लागाराच्या घरापर्यंत वणवा पोहोचेपर्यंत थांबायचं म्हटलं तर जंगल पुरायचं नाही.

बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्यूलर यांना तर खरोखरच शंका होती. प्रामाणिक शंका. त्यांनी तापमानाच्या नोंदी नव्यानं तपासायला घेतल्या, आणि त्या खर्चात तेलसम्राट चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानचाही वाटा होता. शंकेखोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातले नामवंत अँथनी वॉट्स यांनी २०११ मध्ये जाहीर केलं की, निकाल माझ्याविरुद्ध गेला तरी मान्य करीन. निकाल विरुद्ध गेला. मान्य झाला नाही. म्यूलर मात्र २०१२ मध्ये म्हणाले की, वाढ खरी आहे आणि जवळपास सगळी माणसामुळे आहे. तेव्हापासून शंकेखोरांच्या पंगतीला त्यांना कुणी बोलावत नाही.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं पाच तज्ज्ञांकडून धोका फार फुगवून सांगितला जातो अशा आशयाचा अहवाल लिहून घेतला. ऊर्जामंत्री क्रिस राइट मंत्री होण्याआधी तेल-वायूच्या विहिरींत काम करणारी कंपनी चालवत होते, हा योगायोग समजावा. पंच्याऐंशीहून अधिक शास्त्रज्ञांनी त्यावर चारशेहून अधिक पानांचं उत्तर धाडलं. कोर्टात दावा लागला, तेव्हा सप्टेंबरमध्ये पाचांचा गट बरखास्त झाला. अहवाल काही त्याबरोबर मागं घेतला नाही. चारशे पानांचं उत्तर कोण वाचतो?