लाडकी बहीण, सहीपुरती

फुलंब्रीतल्या कुठल्याही घरात दोन लेकरं बिस्किटाच्या पुड्यावरून भांडत असतात. आई दटावते, "निम्मं-निम्मं घ्या. ताईला आधी दे." बाबाही मान डोलावतात. त्यांच्या खिशात मात्र आत्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स असते. सोमवारी तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न्यायचंय, हक्कसोडपत्रावर सही घ्यायला.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये. हा हक्क जन्मानंच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पुन्हा बजावलं. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतच ती वाटेकरीण! तरीही अजिंठा रस्त्यालगतच्या रानाचा भाव वाढला, की भावाला अचानक बहिणीची माया दाटून येते. पुरणपोळीचं जेवण, साडी, "माहेर तुटायला नको गं", आणि सही. सरकार पात्र लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० रुपये देतं. भाऊ साडी देतो. एकदाच. तीही बायकोनं निवडलेली.

कागद पुढं सरकवताना लेखनिक रीतसर विचारतो, "राजीखुशीनं ना, ताई?"

"हो, हो," भाऊ सांगतो.