लवकरच

प्रत्येक कॉलेजात एक ट्रेल्या असतो. पाळण्यातलं नाव दुसरं काहीतरी असतं, पण ते हजेरीपटापुरतं. कट्ट्यावर तो ट्रेल्याच, कारण गेली दोन वर्षं त्याच्या सिनेमाचा ट्रेलर येतोय. आधी टायटल पोस्टर आलं. मग मोशन पोस्टर आलं, म्हणजे त्याच पोस्टरवरचा धूर हलायला लागला. मग टीझर येणार असल्याची घोषणा आली, घोषणेची आठवण करून देणारी स्टोरी आली, आणि अखेर टीझर आला तेव्हा त्याच्या शेवटी लिहिलेलं होतं : ट्रेलर लवकरच.

‘लवकरच’ हा त्याचा आवडता शब्द. सबमिशन लवकरच, कॅन्टीनची उधारी लवकरच, सिनेमा तर लवकरचच.

इथे ज्याचं चित्र काढायचं आहे तो पुण्यातला. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, त्यातही कॉम्प्युटर. फिरोदिया करंडक स्पर्धेत लाइट सांभाळताना त्याला सिनेमाची बाधा झाली. राहायला धायरीत, पण कुणाला भेटायचं झालं तर लॉ कॉलेज रोडवर, फिल्म इन्स्टिट्यूटच्या गेटाजवळ. आत त्याचं काही काम नसतं. १९३३ मध्ये ‘प्रभात’ कोल्हापूरहून इथे आली आणि १९६० मध्ये त्याच जागेत ही संस्था उभी राहिली, हे तो समोरच्याला सांगतो, आणि सांगताना आवाज असा लावतो की पुढचा टप्पा आपोआप कळावा. फोन तो कायम आडवा धरतो. घरून व्हिडिओ कॉल आला तरी पहिलं वाक्य ‘आई, फोन आडवा कर ना’ हेच असतं. आईचं निम्मं कपाळ आणि पंखा एवढंच दिसत असतं, पण फ्रेम रुंद असते.

सिनेमाचं नाव ‘क्षणिक’. लांबी ११ मिनिटं. एका मुलाला आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ सापडतं आणि तो ते दुरुस्त करायला नेत नाही, अशी गोष्ट. जवळजवळ सगळी गोष्ट वन बीएचकेत घडते. ट्रेलर पावणेतीन मिनिटांचा आहे.

इथे जरा हिशोब करावा. अकरा मिनिटांना पावणेतीन म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. या मापानं ‘शोले’चा ट्रेलर काढला असता तर तो पाऊण तासाच्या वर गेला असता. अमेरिकेत दोनशे मिनिटांच्या सिनेमालाही ट्रेलर साधारण अडीच मिनिटांतच बसवायचा, असा तिथल्या स्टुडिओंच्या संघटनेचा दंडक आहे. हे ट्रेल्याला सांगितलं तर तो म्हणतो, ‘अरे, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं कमी असतं.’

ट्रेलरची सुरुवात ड्रोनच्या शॉटनं होते. धुक्यातला सिंहगड, खाली खडकवासल्याचं पाणी, मग काळ्या पडद्यावर एक ठोका. नंतर पावसात पळणारे पाय, स्लो मोशनमध्ये पडणारा कटिंग चहाचा ग्लास, आणि एक मुलगी जी वळून बघते. यातलं काहीच सिनेमात नाही. ड्रोन एका मित्राच्या मामाचा होता आणि बॅटरी संपेपर्यंत उडवायची परवानगी होती. मुलगी पळणाऱ्या पायांच्या मालकाची बहीण. ‘मग हे सिनेमात कुठंय?’ असं एका भोळ्या ज्युनिअरनं विचारलं, तेव्हा ट्रेल्या शांतपणे म्हणाला, ‘ट्रेलर गोष्ट सांगत नाही, मूड सांगतो.’

गंमत अशी की हे अगदीच चूक नाही. ऑर्सन वेल्सनं ‘सिटिझन केन’साठी जो ट्रेलर केला तो जवळपास चार मिनिटांचा आहे आणि त्यात मूळ सिनेमातलं एकही दृश्य नाही, सगळं ट्रेलरसाठी वेगळं चित्रित केलेलं. वेल्स स्वतः दिसतही नाही, नुसता आवाज. हिचकॉकनं १९६० मध्ये ‘सायको’च्या ट्रेलरमध्ये सहा मिनिटांहून जास्त वेळ स्वतःच घर दाखवत हिंडण्यात घालवला आणि शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढला, तर किंचाळणारी बाई सिनेमात त्या जागी असलेली बाईच नव्हती. ट्रेल्याला हे सगळं पाठ आहे. वेल्सनं आणि हिचकॉकनं सिनेमाही पुरा केला, एवढंच तो सांगत नाही.

एडिटची रात्र मात्र बघण्यासारखी असते. जागा : हॉस्टेलची खोली, कारण तिथे ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप आहे आणि त्याचा मालक गेम खेळतो म्हणून जागा असतो. सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह, फुकटची आवृत्ती. टाइमलाइनवर खाली गाण्याची पट्टी, तिच्या प्रत्येक ठोक्यावर ट्रेल्या एक रेघ मारतो आणि मग रेघेरेघेवर शॉट कापून बसवतो. हे काम तो सुरेख करतो, हे कबूल केलं पाहिजे. संवाद आधी ऐकू येतो, माणूस नंतर दिसतो. दार वाजतं एका शॉटात, उघडतं दुसऱ्यात. प्रश्न येतो तो ‘भ्राऽऽम’चा. २०१० च्या ‘इन्सेप्शन’पासून जगभरच्या ट्रेलरांत जहाजाच्या भोंग्यासारखा जो आवाज घुसला, तो ट्रेल्याला घड्याळाच्या क्लोजअपवर हवा असतो. एकदा नाही, पाचदा.

संगीत विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून वेबसाइटवरचा नमुना उतरवून घेतलेला असतो. अशा नमुन्यांत मध्ये मध्ये एक बाई शांतपणे ‘ऑडिओजंगल’ म्हणते. चोरी होऊ नये म्हणून ती सोय. ट्रेल्या हे पन्नासदा ऐकतो, आणि पन्नासदा ऐकल्यावर कानाला ते ऐकू येईनासं होतं. पहाटे साडेचारला एक्स्पोर्ट लागतो, ९८ टक्क्यांवर अडकतो, खोलीत कुणी श्वास घेत नाही, मग फाइल तयार होते : क्षणिक_फायनल_फायनल_खरंच_फायनल_३. सकाळी सातला ट्रेलर प्रसिद्ध होतो. आजोबांचं घड्याळ पडद्यावर येतं, ठोका पडतो, नायक डोळे उचलतो आणि बाई म्हणते, ‘ऑडिओजंगल.’

पहिली कॉमेंट मावशीची होती : ‘खूप छान बाळा. जंगलात कधी गेला होतास?’

पोस्टरची कथा याहून करुण आहे. पोस्टर फोटोशॉपमध्ये केलेलं, नायक पाठमोरा (नायक कायम पाठमोरा असतो, कारण त्याला अभिनय येत नाही), आभाळ निळं-नारिंगी. त्यावर मोठ्या अक्षरांत सिनेमाचं नाव. आता फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय चालू केलेला नसला तर देवनागरीची वाट लागते. टाइप करताना पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागून येते, दिसायला मात्र पुढे दिसावी लागते. ही उडी सॉफ्टवेअरनं मारायची असते. त्यानं ती मारली नाही. जोडाक्षर फुटलं, वेलांटी ‘ण’ला सोडून शेजारच्या ‘क’वर जाऊन बसली आणि पोस्टरवर ‘क्‌षणकि’ झालं. तीस प्रती छापून आल्या. नोटीस बोर्ड, कॅन्टीन, पार्किंग आणि मुलींच्या हॉस्टेलची भिंत, सगळीकडे लागल्या. मराठी मुलांना वाटलं कोकणी सिनेमा आहे, कोकणी मुलांना वाटलं कन्नड.

चूक पकडली ती सबटायटल करणाऱ्या मुलीनं. युनिटमध्ये तिला ‘कानामात्रा’ म्हणतात. ती बोलत नाही, फक्त पोस्टरकडे बघते आणि मग माणसाकडे बघते. तिनं सेटिंग बदललं, ‘मुक्त’ हा फुकट मिळणारा चांगला फॉन्ट घातला, ‘दिगदर्शक’चं ‘दिग्दर्शक’ केलं आणि ‘पार्श्वसंगीत’मधला हरवलेला रफार शोधून आणला. तिचं नाव पोस्टरवर सर्वांत खाली आहे. ट्रेल्याचं पाच ठिकाणी आहे : कथा, पटकथा, संकलन, दिग्दर्शन आणि ‘एक संकल्पना’. विशेष आभारांत आई-बाबा, ड्रोनवाले मामा आणि गच्ची दिल्याबद्दल सोसायटीचे चेअरमन. चेअरमननी गच्ची दोन तास दिली होती आणि त्यातला एक तास स्वतः तिथे उभे होते.

पोस्टरच्या वरच्या कडेला पानांच्या चार डहाळ्या आहेत, आत ‘ऑफिशियल सिलेक्शन’. ही पानं पदकासारखी दिसतात आणि लांबून फारच भारी वाटतात. जवळ जाऊन वाचलं तर ते दर महिन्याला भरणारे ऑनलाइन महोत्सव निघतात. त्यांना गाव नसतं, थिएटर नसतं, प्रवेश फी तेवढी असते. चौथ्या डहाळीत नुसतंच ‘सबमिटेड’ आहे, बारीक अक्षरात. वडिलांना वाटतं मुलाला चार बक्षिसं मिळाली. त्यांनी ऑफिसात पेढे वाटले, आणि आता ते परत कसे घ्यायचे हा प्रश्न आहे.

घरी कुणी फार खोदून विचारलंच, तर ट्रेल्या दोन नावं काढतो. नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ नगरला शिकत असताना कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणूनच केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्याच विद्यार्थ्यांचा ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ कान महोत्सवात विद्यार्थी विभागात पहिला आला, आणि तो चार दिवसांत चित्रित झालेला. ‘चार दिवसांत!’ असं तो दोनदा म्हणतो. ‘क्षणिक’च्या पोस्टरला नऊ दिवस लागले.

पण सिनेमाच्या आधीच त्याची जाहिरात करण्यावरून त्याच्यावर फार हसूही नये. ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि ती थेट दादासाहेब फाळक्यांपासून आलेली आहे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आलेल्या फाळक्यांकडे सिनेमा नव्हता, पैसा नव्हता. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त काळ एकेक चौकट टिपत अंकुराचा वेल होताना दाखवला. मिनिटभराची ती फीत बघून लोकांनी भांडवल दिलं. वाटाण्याचा वेल ‘राजा हरिश्चंद्रा’त कुठेच नाही. सिनेमाच्या आधी आलेला तो ट्रेलरच म्हणायचा. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला तेव्हा जोडीला नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटूही होता, कारण नुसता सिनेमा लोकांना पुरेल याची खात्री नव्हती. त्याच वर्षी तिकडे न्यूयॉर्कमध्ये निल्स ग्रॅनलंड नावाच्या प्रसिद्धीप्रमुखानं एका संगीत नाटकाच्या तालमींची फीत थिएटरांत दाखवली. पहिला ट्रेलर म्हणून तिचं नाव घेतात.

फाळक्यांच्या जाहिरातीबद्दल जे सांगतात ते तर ट्रेल्यानं फ्रेम करून लावावं असं आहे : ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. आता ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा. एका फुटात १६ चौकटी धरल्या तर छायाचित्रांचा आकडा झकास जुळतो, किंबहुना थोडा कमीच सांगितलाय. पण मैल ५,२८० फुटांचा. म्हणजे चित्र पाऊण मैलही भरत नाही. दोन मैलांतला निदान सव्वा मैल हा प्रसिद्धीविभागाचा.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी पुढे पोस्टरं स्वतः रंगवली. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांत मोजतात. हातानं काढलेली वेलांटी जागा सोडत नाही.

असो. ‘क्षणिक’ शेवटी झाला. मार्चमध्ये सेमिनार हॉलला दाखवला. प्रोजेक्टरचा निळा रंग गेलेला होता, त्यामुळे निळं-नारिंगी आभाळ नुसतंच नारिंगी दिसलं. अकरा मिनिटांतली दीड मिनिटं ट्रेल्याच्या बॅनरची चिन्हफीत आणि आभार यांत गेली. उरलेला सिनेमा बरा होता. मुलगा घड्याळाकडे बघतो आणि दुकानाच्या पायरीवरून परत फिरतो, तो शॉट तर चांगलाच होता. त्यात पार्श्वसंगीत नव्हतं, कारण कानामात्रानं ते काढून टाकलं होतं आणि ट्रेल्याला सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात त्याला पहिलं पैशाचं काम मिळालं. मावसबहिणीचं लग्न. आठ हजार रुपये, प्री-वेडिंग शूट आणि लग्नाचा टीझर. ड्रोन पुन्हा मामांचा, धुकं नव्हतं म्हणून अगरबत्त्या. जोडपं खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात होतं; कणसावरून तिखटाचा हात नवऱ्याच्या डोळ्याला लागला, आणि ते अश्रू ट्रेल्यानं शेवटच्या तीस सेकंदांत फार खुबीनं वापरले. घड्याळ नव्हतं तरी भ्राऽऽम होता, मंगळसूत्राच्या क्लोजअपवर.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळं घर टीव्हीसमोर बसलं. मावशीनं डोळे टिपले. काकांनी विचारलं, हेच पुन्हा लावता येतं का. आणि मग पडदा काळा झाला, सोनेरी अक्षरांत दोघांची नावं आली (वेलांट्या शाबूत), आणि खाली, सवयीनं : लवकरच.

आजीनं चष्मा नीट केला. ‘लवकरच काय रे? गुरुवारी आहे, बारा छत्तीसला. लोक येतील कसे?’

ट्रेल्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, टाइमलाइन उघडली आणि पाठोपाठ कानामात्राला फोन लावला. ‘ऐक ना, मुहूर्त पहिली वेलांटी का दुसरी?’

‘वेलांटी नाहीच आहे त्यात,’ ती म्हणाली. ‘उकार आहेत. आधी पहिला, मग दुसरा.’